हरित जाळ्यात सापडलेला टोफूवाला

सालातिगा, सोमवार,
दुसरी कढई उतरल्यावर

ती. दादांस,

धाकट्या तर्मुजीचा सलाम. तुमचे पाय धरून दोन्ही हात कपाळाला लावले आहेत असे समजावे (खरोखर धरले असते तर तुमच्या लुंगीला सोयाबीनचा फेस लागला असता, म्हणून पत्रातूनच बरे). वहिनींचा गुडघा कसा आहे? ईदला त्या आल्या तेव्हा तीन पायऱ्या चढून त्यांनी असा काही सुस्कारा सोडला होता की शेजारची मांजर उठून गेली. तुमचा दमा थंडीत त्रास देतो का? थोरल्याच्या घरावर छप्पर चढले की अजून ताडपत्रीच? मी ठीक आहे. चार माणसे कामाला आहेत, त्यांतली तीन येतात.

तुम्ही फोनवर विचारलेत की आमच्या आळीचे नाव पेपरात कसे काय झळकले. तेव्हा मी गप्प बसलो, कारण माझ्या घराच्या भिंती पातळ आणि पलीकडे राहणारे सगळे त्या भानगडीतले. म्हणून लिहून कळवतो. पेपरातले अक्षरही खरे मानू नका. ती बातमी समारंभाच्या आदल्या दिवशीच लिहून तयार होती.

झाले असे की आमच्या बू हप्सारी (बँकेतल्या बड्या साहेबांच्या पत्नी, साहेब निवृत्त झाले, यांचे काही आवरेना) जकार्तात दोन दिवसांचे शिबिर करून आल्या आणि येताना पृथ्वीची काळजी घेऊन आल्या. पहिले काम म्हणजे अंगणातले रामबुतानचे झाड मुळापासून कापले, कारण त्याची सावली सौर पट्ट्यांवर पडत होती. चाळीस वर्षांचे झाड! आता त्या पट्ट्यांच्या विजेवर एक पंखा फिरतो, जो झाड गेल्यामुळे होणाऱ्या उकाड्यात लागतो. दुसरे काम म्हणजे त्यांनी 'हरित मैत्री जाळे' स्थापन केले. घरांनी, दुकानांनी आणि शाळेने एकमेकांशी ओळख वाढवून निसर्ग वाचवायचा, असा त्याचा अर्थ. आम्ही या आळीत तीन पिढ्या राहतो. कोण कुणाच्या अंगावर खेकसते, कुणाच्या घरी कोणता मासा शिजला, हे आम्हाला न बोलता कळते. तरी ओळख वाढवायला आम्हाला शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडून बसवले.

प्रत्येकाने उभे राहून सांगायचे की मी जाळ्याला काय देईन आणि मला काय हवे. एकेचाळीस जण मार्गदर्शन देणार होते. मार्गदर्शन हवे असलेला एकही निघाला नाही. चपलांचे दुकानवाले, छपाईवाले, शिकवणीवाल्या बाई, सगळ्यांनी एकमेकांना कार्डे दिली. बू हप्सारींच्या कार्डात म्हणे बिया होत्या, मातीत पुरले की रोप येते. मी पुरले, रोज पाणी घातले. बुरशी आली, तीही टिकली नाही. मुख्याध्यापक पाक गुनार्सो यांनी तर शाळेत रोज सकाळी हरित शपथ सुरू केली. दिवे विझवू, वीज वाचवू, असे मुलांनी लाउडस्पीकरवर पंचवीस मिनिटे ओरडायचे.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, मी टोफू देतो आणि मला काही नको. तेवढ्यात मागून कुणीतरी बोलले, "वासही देता की!" सगळे हसले. दादा, हसले त्याचे काही नाही. अप्पांच्या वेळेपासून आपल्या टोफूच्या कारखान्याचे आंबट पाणी शाळेच्या भिंतीकडेच्या गटारातून जाते आणि दुपारी ऊन चढले की त्याचा वास वर्गात शिरतो, हे खरेच आहे. पण हसणे थांबल्यावर बू हप्सारींनी वहीत काहीतरी लिहिले आणि जाहीर केले की जाळ्याचा पहिला प्रकल्प म्हणजे तर्मुजींचे गटार. टाळ्या पडल्या. आपल्या गटारासाठी टाळ्या पडताना मी पहिल्यांदाच ऐकल्या.

आता योजना ऐका. टोफूचे टाकाऊ पाणी जमिनीखालच्या टाकीत सोडायचे, ते कुजून गॅस तयार होणार, तो नळीने शाळेच्या स्वयंपाकघरात न्यायचा. वास बंद, चूल फुकट. योजना चांगली होती हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच ती जाळ्याला सुचली नव्हती. ती विद्यापीठातल्या एका मुलीने येऊन समजावून सांगितली होती. तिला सगळ्यांनी हार घातला आणि पुन्हा बोलावले नाही. पुढे तीन महिने समित्या बसल्या. बोधचिन्हात पान एक असावे की दोन यावर पाच बैठका झाल्या. टोप्या शिवल्या. खड्डा मात्र मी आणि आपला गवंडी पाक सुरातिन, दोघांनी खणला. पाहणीला आलेल्या समितीने खड्ड्याच्या काठावर फोटो काढले आणि आमचे फावडे फोटोत नीट दिसत नाही म्हणून दुसरे, स्वच्छ फावडे मागवले.

टाकीला आधी विरजण लागते. गावाबाहेरच्या गोठ्यातून शेण आणून कालवले आणि वर आपले पाणी सोडले. महिना गेला, काही नाही. जाळ्यातले लोक माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले की जणू गॅस मीच पोटात ठेवून घेतला आहे. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरातून निरोप आला की लगेच या. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बू वार्सिनी तुम्हाला आठवतील, ईदला त्यांनी तुम्हाला केळफुलाची भाजी वाढली होती आणि तुम्ही दोनदा मागितली होती. नवरा जाऊन नऊ वर्षे झाली, दोनशे पोरांचे जेवण एकटी रांधते आणि बोलते अगदी मोजके. मी धावत गेलो तर ती शेगडीसमोर हात बांधून उभी.

"बघा," म्हणाली. "येतेय."

निळी ज्योत. बोटभर उंच, मध्येच फुरफुरणारी, पण निळी. आम्ही दोघे तिच्याकडे बघत उभे राहिलो. मग तिने तवा ठेवला, माझ्याच टोफूचे चार तुकडे तळले आणि बशी पुढे केली. अप्पा असते तर काय म्हणाले असते, असे माझ्या मनात आले आणि मी चारही तुकडे एकट्यानेच संपवले. त्यानंतर रोज चूल पेटली आहे ना हे पाहायला मी शाळेत जात असे. चूल रोज पेटत होती. तरीही जात असे.

अकरा दिवस हे सुख होते. नवव्या दिवशीच जाळ्याला कळले की पर्यावरण खात्याच्या मोठ्या बाई, बू रेत्नो, प्रकल्प पाहायला येणार. मग काय विचारता! बू हप्सारी स्वतः गटाराच्या काठाने फिरल्या, नाकाला रुमाल लावून, आणि पाहुण्यांना वास येता कामा नये असे फर्मान काढले. वास आधीच निम्म्याने कमी झाला होता. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांनी फिनेलचे चार मोठे कॅन आणवले, जंगलाच्या वासाचे, आणि सोमवारी मी बाजाराला गेलो असताना ते टाकीच्या तोंडाशी ओतवले. मी परत आलो तर सगळ्या आळीला दवाखान्याचा वास. टाकीतले जे जीव गॅस करतात ते मंगळवारपर्यंत साफ मेले. ज्योत खाली बसली, पिवळी पडली, गेली.

बू हप्सारी जराही डगमगल्या नाहीत. गुरुवारी त्यांनी शेगडीमागे पडदा लावला आणि पडद्याआड छोटा हिरवा सिलिंडर ठेवला. दादा, एवढ्या सगळ्या हरित खटाटोपात खरोखर हिरवी अशी एकच वस्तू होती आणि ती तो सिलिंडर! मला म्हणाल्या, "तुम्ही फक्त हसत उभे राहा, पाक तर्मुजी. कारखाना तुमचाच वाचतोय." मी उभा राहिलो. लाज वाटली, तरी राहिलो. चार माणसांच्या चुली आपल्या कढईवर आहेत.

बू रेत्नो आल्या. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात, चेहऱ्यावर काही नाही. शपथ झाली, गाणे झाले, टोप्या वाटल्या. मग बू हप्सारींनी लांब काडीने शेगडी पेटवली आणि पेपरवाल्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्या गटारातून उठलेली ज्योत!" बू वार्सिनी पाहुण्यांसाठी टोफू तळू लागल्या. पहिला घाणा सोनेरी निघाला. दुसरा घाणा अर्धा झाला आणि ज्योत बारीक होऊ लागली. सगळे श्वास रोखून होते, फक्त वार्सिनी सोडून.

"पाक गुनार्सो," ती झाऱ्याने तेल ढवळत म्हणाली, "सिलिंडर संपला. दुसरा आणायला सांगा कुणाला तरी. तेल गार झालं की टोफू तेल पितो."

"कुठला सिलिंडर?" बू रेत्नो म्हणाल्या.

"हा काय, पडद्यामागचा. गटाराचा गॅस मंगळवारपासून बंद आहे."

"तो आणीबाणीसाठी आहे!" बू हप्सारी ओरडल्या.

"आणीबाणी कशाने आली?" बू रेत्नोंनी वार्सिनीलाच विचारले.

"फिनेलने. चार कॅन ओतले. रिकामे कॅन धुऊन ठेवलेत मी, पाण्याला होतील."

बू रेत्नो थेट टाकीकडे निघाल्या. सारोंग असता तर वर खोचला असता. पँट होती म्हणून नुसतीच वर ओढली आणि टाकीशी उकिडव्या बसून वास घेतला. मला विचारले, "त्याआधी खरंच जळली?" मी म्हणालो, "अकरा दिवस निळी जळली, बाई." त्या उठल्या आणि म्हणाल्या, "दोन महिने देते. पुन्हा निळी दिसली तर कारखाना चालू. नाही दिसली तर हे पाणी गटारात सोडायचं नाही. मग पुढचं काय ते तुम्ही समजा." तो घाणा त्यांनी तसाच कच्चा खाल्ला आणि गेल्या.

दादा, अप्पांचे जाते, अप्पांची फरशी, ज्या जागी उभे राहून त्यांचे पाय सुजत ती जागा, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. पण जाळ्याला चिंता प्रतिमेची! त्याच दुपारी बैठक झाली. फिनेलबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. ठराव झाला की बू वार्सिनींनी संस्थेचे वातावरण दूषित केले (हेच शब्द, मी इतिवृत्तात वाचले), आणि पाक गुनार्सोंनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नका म्हणून सांगितले. ती कोपऱ्यात बसली होती. टोपी तेवढी काढून खुर्चीवर ठेवली.

मी आयुष्यात कधी सभेत बोललेलो नाही, तुम्हाला माहीत आहे. माझी बायको, अल्ला तिला जागा देवो, तिच्याशी लग्न झाले तेव्हाही माझ्या वतीने तुम्हीच बोलला होता. पण उठलो आणि म्हणालो, "मग उद्यापासून शाळेला टोफू नाही. शाळेला नाही आणि या हॉलमध्ये बसलेल्या एकाच्याही घरी नाही." पाक गुनार्सो हसले. म्हणाले, "टोफू काय, बाजारात मिळतो." मिळतो ना. बाजारातला टोफू आणून दोन दिवस बदली स्वयंपाकिणीने वाढला. तिसऱ्या दिवशी दोनशे पोरांनी ताटे तशीच परत केली, आणि शपथेच्या वेळी लाउडस्पीकरवर कुणीतरी ओरडले, "बू वार्सिनींना परत आणू!" बाकीच्यांनी सवयीने ते मागून म्हटले. पंचवीस मिनिटे. चौथ्या दिवशी ती कामावर होती. बू हप्सारींनी पत्रक काढले की हा जाळ्याच्या सामंजस्याचा विजय आहे.

असा सगळा प्रकार. आता तुम्हाला कुणी विचारले तर सांगा की पेपरातला फोटो खरा, बाकी सगळे फिनेल. वहिनींना सलाम, नातवंडांना पापे.

तुमचा आज्ञाधारक,
तर्मुजी

ता. क. : एक काम आहे. टाकी मी उपसून, धुऊन, उन्हात वाळवली आहे, पण विरजणाला शेण नाही. गावाबाहेरचा गोठेवाला आता जाळ्यात आला. त्याच्या शेणावर 'हरित' अशी चिठ्ठी लागली आहे आणि ते मिळायला अर्ज भरावा लागतो, अर्जावर सही बू हप्सारींची. तुमच्या बोयोलालीच्या गाईंचे ताजे शेण सहा पिंपे लागेल. दोन महिन्यांतले अठरा दिवस गेले, तेव्हा पत्र वाचून झाल्यावर विचार करत बसू नका.

ता. क. दुसरे : शेण पोरांबरोबर पाठवू नका, तुम्ही स्वतः या. वहिनींना आणा. तुमचा चांगला तपकिरी बातिकचा सदरा आणा आणि तो पिंपांपासून लांब, पुढच्या सीटवर ठेवा. बू वार्सिनींचे थोरले भाऊ अंपेलला राहतात, तुमच्या वाटेवरच. त्यांच्याकडे जाऊन आपल्या घरातल्या वडीलधाऱ्याने काही शब्द बोलावेत अशी माझी इच्छा आहे. काय शब्द, ते तुम्हाला समजले असेल. हे पत्र याच कारणासाठी लिहायला घेतले होते, मध्ये गटार आले.

ता. क. तिसरे : तिची मर्जी विचारली का, असे वहिनी विचारतीलच. विचारली. शेगडीपाशी उभे राहून, दोनदा. पहिल्यांदा ती कांदा चिरत राहिली. दुसऱ्यांदा म्हणाली, "आधी शेण येऊ दे."