‘नको’चं बटण

ती. उज्ज्वलाताईस,

कलकत्त्याच्या बेहाल्याहून धाकट्या भालचंद्रचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्ध्यातूनच परत आलो, उरलेला तू मनाने पूर्ण करून घे). तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे जर्मनीत, हनोव्हरात थंडी पडली असेल. तुझा यश वेळेवर घरी येतो का, आणि आल्यावर तुझ्याशी बोलतो की फोनकडेच बघतो, ते कळव. आम्ही सगळे मजेत. हिवाळ्यात दोन महिने इकडे ये म्हणून मी विचारलं होतं, त्यावर ‘नको रे, यंदा राहू दे, तुम्हाला उगाच त्रास’ हे तुझं उत्तर मिळालं. त्याबद्दल मी एक अक्षर काढणार नाही. हे पत्र आमच्या वेबसाइटविषयी आहे.

प्राजक्ताचं मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला वेबसाइटवरून परदेशी जातात, हे तुला माहीतच आहे. त्यात मोठा वाटा म्युनिकचे दुकानदार श्यामराव यांचा. हे गृहस्थ मूळचे साताऱ्याचे, पण आता इतके जर्मन झाले आहेत की ‘लवकर पाठवा’ असं न लिहिता वर्षातल्या आठवड्याचा क्रमांक लिहितात. त्यांनी ऐन दिवाळीच्या तोंडावर कळवलं, की तुमची वेबसाइट युरोपातल्या कायद्यात बसत नाही, ती आधी सरळ करा, मग भाजणीचं बोलू. भानगड अशी, की कुणी आपल्या वेबसाइटवर आलं की आपण त्याच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप एक खूण ठेवून देतो. तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी तो आला की वेबसाइट त्याला ओळखते, त्याने टोपलीत काय टाकलं होतं ते आठवते, शिवाय तो कुठल्या गावचा आणि कुठे किती रेंगाळला हेही आम्हाला सांगते. कायदा म्हणतो, अगदी कामापुरत्या खुणा सोडून बाकीच्या विचारून ठेवा. (मला यात गैर काही दिसलं नाही. घरी आलेल्या माणसाच्या खिशात न सांगता आपण तरी कुठे हात घालतो?)

वेबसाइट सांभाळणारे पार्थोबाबू एस्प्लनेडला एका जिन्याखालच्या ऑफिसात बसतात. कुठल्याही कामाला ते ‘होये जाबे’, म्हणजे होऊन जाईल, म्हणतात आणि काम खरंच होतं, फक्त तोवर आपण काय सांगितलं होतं ते आपण विसरलेले असतो. त्यांनी विचारलं, परवानगीच्या चौकटीत मजकूर काय टाकू? गिऱ्हाईक मराठी, तेव्हा मजकूर मराठी, आणि आमच्या घरात मराठी मजकूर म्हणजे प्राजक्ता. इथेच घात झाला. ताई, तुझ्या भावजयीच्या पंगतीला तू जेवली आहेस. तिच्या हिशेबी पहिलं ‘नको’ म्हणजे संकोच, दुसरं म्हणजे रीत, आणि तिसऱ्याला पानावर हात आडवा धरला तरी ती खात्री पटवून घेते (एका व्याह्यांच्या आडव्या हातावर तिने श्रीखंड वाढलेलं मी स्वतः पाहिलं आहे). तिने त्याच पद्धतीने लिहून दिलं, आणि पार्थोबाबूंना मराठीचा गंध नसल्यामुळे त्यांनी ते बिनतक्रार बसवलं.

झालं असं, की म्युनिकमधला माणूस मेतकूट बघायला आला की आधी ‘या, बसा’ म्हणून चौकट उघडायची. तीत सगळ्या परवानग्यांवर आधीच टिक केलेली. (आमच्या ईशाने हटकलं, तर तिला उत्तर मिळालं, पाहुणा बसायच्या आधी पान वाढलेलं नको का?) खाली हळदीच्या रंगाचं भलंमोठं ‘हो’ आणि कोपऱ्यात मुंगीएवढं ‘नको’. ते शोधून दाबलं की दुसरी चौकट: ‘असं कसं? थोडं तरी!’ तिथेही नको म्हटलं की तिसरी: ‘बरं, जाहिरातीचं राहू द्या, आकडेवारीपुरतं तरी घ्या, आम्हाला बरं वाटेल.’ चौथीत नुसतंच ‘रागावलात का?’ होतं. थकलेल्या गिऱ्हाइकांनी श्यामरावांना धरलं आणि श्यामरावांनी आम्हाला. फोनवर ते अस्सल सातारी बोलत होते, म्हणजे खरंच चिडलेले असणार. हो आणि नको एकाच मापाचे आणि एकाच रंगाचे ठेवा, टिक ज्याची त्याला करू द्या, दिलेली परवानगी परत घेणंही तेवढंच सोपं असू द्या, आणि माणूस एकदा नको म्हणाला की त्याच्या मागे लागू नका, असं त्यांनी बजावलं. ‘आई, ते लोक नको बोलले म्हणजे नकोच बोलतात,’ असं ईशाने तिच्या कलकत्ता-मराठीत समजावलं. त्यावर प्राजक्ताने विचारलं, तिकडे माणसं पोटभर जेवतात तरी कशी?

शेवटी ईशा स्वतः पार्थोबाबूंच्या शेजारी जाऊन बसली आणि दोन सारखी बटणं बसवून आली. श्यामरावांनी भाजणी मागवली. इथे पत्र संपायला हरकत नव्हती. पण आमच्याकडे एक नकाशा असायचा, कुठल्या गावाहून कोण आलं त्याचे ठिपके दाखवणारा. नवी बटणं बसताच युरोपातली मंडळी मोकळ्या मनाने ‘नको’ दाबू लागली आणि ठिपके विझत गेले. त्यात एक हनोव्हरचा होता. तो रोज यायचा, कधी काही विकत घ्यायचा नाही, थेट आपल्या गच्चीच्या फोटोवर जायचा. भाजणीचं धान्य वाळत घातलंय आणि मागे आईचा झोपाळा दिसतो, तो फोटो. तिथे बराच वेळ असायचा. आम्ही त्यावर कधी बोललो नाही, पण प्राजक्ता चहा गाळता गाळता नकाशा बघायची आणि ‘वन्सं आल्या’ म्हणायची. आता तो ठिपका नाही. नको म्हणणं हा तुझा हक्क आहे, आणि न विचारता तुला बघत होतो हे आमचंच चुकलं. पण तू अजून त्या गच्चीवर येतेस की नाही, हे कळायला आम्हाला काही मार्ग उरला नाही. फार चुकल्याचुकल्यासारखं होतं, ताई.

यशला आशीर्वाद. गुडघ्यांना जप.

तुझा,
भालचंद्र

ता. क. हिवाळ्याबद्दल एक अक्षर काढणार नाही म्हणालो होतो, तो शब्द मी पाळला आहे. फक्त एवढंच कळव, की तुझं ते ‘नको’ कुठलं? हनोव्हरचं असेल तर मी पुन्हा विचारणं बरं नाही. बेहाल्याचं असेल तर ते अजून पहिलंच आहे.

आणखी एक. बाजारात नोलेन गूळ, म्हणजे खजुराचा नवा गूळ, यायला लागेल, असं प्राजक्ता लिहायला सांगते. ही जाहिरात आहे, आणि परवानगी न घेता केलेली आहे.

शेवटचं. ईशाने तुझं तिकीट काढलं आहे. आधीच टिक करून ठेवणं कायद्यात बसत नाही, हे मला आता पाठ आहे, म्हणून रद्द करता येईल असंच तिकीट काढायला लावलं. रद्द करणं अगदी सोपं आहे. प्राजक्ताला फोन करायचा आणि ‘नको’ म्हणायचं.