दादाच्या मापाचा पाय

सोलापूर, रविवार

ती. वच्छलावहिनींस यशपालचा सविनय जयभीम.

पोरं, म्हैस आणि तुमचा गुडघा (मानाचा क्रम तुम्हीच लावा) बरे असावेत. इकडे सर्व ठीक, एक डावा पाय सोडून.

महिन्यापूर्वी जांघेत दुखायला लागलं आणि बघता बघता पाय मांडीपासून बोटांपर्यंत सुजला. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गुठळी नाही. खुब्याच्या सांध्यापुढे पाण्याची एक पिशवी असते, ती फुगून शेजारच्या रक्तवाहिनीवर बसली आहे. रक्त पायात उतरतं, पण वर यायची वाट दबलेली. (आपल्या मंगळवेढ्याच्या शेवटच्या एसटीसारखं.) पाय माझ्या सात नंबरच्या चपलेत शिरेना, म्हणून दादाची दहा नंबरची काढली. (होय, ती मीच आणली. दादा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही घरभर शोधलीत, मीही तुमच्याबरोबर शोधली, तेव्हा ती माझ्या पिशवीत होती. माफी असावी.) डावी अशी बसली, की दादाच्या अंगठ्याने पाडलेल्या खळग्यात माझा अंगठा गेला. उजवी माझीच घालतो.

आपण भूतखेत मानत नाही. मीही मानत नाही, पण हे पायाला कोण सांगणार? जड पाय ओढला की टप्प, खर्र, टप्प, खर्र. दादाचीच चाल. परवा भर दुपारी जिना चढत होतो, तर आतून आमची सौ. चैताली म्हणाली, “दादा आलं वाटतं. चहा टाकते की, बिनसाखरेचा.” मग तिने दार उघडून मला पाहिलं, आणि दोघांपैकी कोणीच हसलं नाही. चहा मात्र बिनसाखरेचाच आला, आणि मी निमूट प्यालो. न्हाणीतून निघालो की फरशीवर उजवं पाऊल माझं उमटतं, डावं दादाचं. डावं उशिरा वाळतं. चैताली त्यावर पाय देत नाही. मला भीती वाटते, वहिनी, आणि बरंही वाटतं.

धाकट्यांना आशीर्वाद.

आपला,
यशपाल

ता. क. काळजी नसावी. गुरुवारी सुईने पाणी काढणार आहेत, मग पाय हळूहळू उतरेल.

ता. क. २. म्हणूनच लिहितो. दादा गेला त्या दिवशी तुमची गाडी वाटेत बंद पडली आणि तुमची शेवटची भेट राहून गेली. बुधवारी या. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसा. मी जिना चढून येतो. हाक तुम्ही मारा.

ता. क. ३. ओ मीच देईन, असं धरून चालू.