ठोकळ्याचा आवाज

३ जून
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या ‘उत्पादन प्रक्रिया’ या विषयात मी पुन्हा नापास झाले. आता एकच संधी उरली. तीही गेली तर कॉलेजातून नाव कमी होईल. पुस्तक पाठ आहे, पण वर्कशॉपात हात चालत नाही. बाबांना मात्र वेगळ्या पत्रात पास झाल्याचं कळवलंय आणि मी ओतलेला लोखंडी ठोकळा पार्सलने पाठवलाय. भट्टीने त्यांचे डोळे नेले, निदान हाताला तरी लेकीचं काम लागू दे. पत्रं तूच वाचून दाखवतेस, म्हणून तुला खरं सांगितलं. रागाव, पण सांभाळून घे.
तुझ्या मायेवर विसंबलेली,
चिमटी

११ जून
चि. चिमटीस,
अनेक आशीर्वाद.
नापास होणं हा गुन्हा नाही, खोटं बोलणं आहे. आणि तेही कोणाशी, तर तीस वर्षं ओतशाळेत साचे भरलेल्या माणसाशी? सोनाराला पितळ विकायला निघालीस. दादाने ठोकळा मांडीवर घेतला, माझ्याकडून चमचा मागितला आणि कान लावून ठोकून पाहिला. एका कोपऱ्यावर तीनदा ठोकलं. तिथे आवाज बसका येत होता. त्याला कळलं, हे मलाही कळलं. एवढंच लिहायला सांगितलं, की साच्यातली वाळू फार घट्ट ठोकतेस. तारेने भोकं पाडून वाफेला वाट ठेव, नाहीतर ती लोखंडातच पोकळी करून बसते. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवला नाही.
रडगाणं पुरे. कामाला लाग.
लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.
आत्या

२९ ऑगस्ट
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
बाबांनी सांगितलं तसंच केलं. दोन महिने वर्कशॉप सोडलं नाही. परीक्षेतला ठोकळा सरांनी करवतीने कापला. आत सुईच्या टोकाएवढीही पोकळी नव्हती. त्यांनी तो वर्गभर फिरवला. पण त्या दोन महिन्यांत पुस्तकाकडे पाहिलंच नव्हतं, पाठ होतं तेही विसरले. लेखी पेपर चार गुणांनी गेला. नाव कमी झालं. पंधरा सप्टेंबरला खोली सोडायची आहे. अर्धा ठोकळा पाठवतेय. या वेळी बाबांना खरं तेच वाचून दाखव. माझ्याच्याने तोंडाने सांगवणार नाही.
तुझी,
चिमटी

५ सप्टेंबर
चि. चिमटीस,
अनेक आशीर्वाद.
तुला शहाणपण शिकवायला गेले आणि स्वतःच घसरले. दादा पत्र ऐकायला सदरा बदलून बसला होता. ठोकळ्यापर्यंत अक्षर न् अक्षर खरं वाचलं. पुढच्या ओळीवर जीभ अडली, आणि तू पास झालीस असं मी वाचून मोकळी झाले. त्याने तेवढीच ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली. मग तिसऱ्यांदा. मान कलती करून तो ऐकत होता. तेव्हा तुझा पहिला ठोकळा ऐकला होता, अगदी तसाच. मग म्हणाला, “पुरे.”
तेव्हापासून तू पाठवलेल्या अर्ध्या ठोकळ्याच्या कापलेल्या बाजूवर अंगठा फिरवत बसलाय. तिथे काही नाही, तरी शोधतोय.
खोली सोडलीस की सरळ घरी ये. जे सांगायचं ते तूच सांग; माझ्या आवाजावर त्याचा आता विश्वास नाही.
तुझीच,
आत्या