पायरीखालचा साप

३० मार्च १९७१, मंगळवार

सापडला! जोब लेडबेटर — बाबांचे पणजोबा.

होबार्टच्या सरकारी दफ्तरखान्यातला म्हातारा कारकून आधीच म्हणाला होता, "बाई, इथे लोक हसत येतात. जाताना टोपी विसरून जातात." मी हसले. घरातली पहिली पदवीधर मी, मला कसली भीती!

जोब सुतारकामासाठी आपखुशीने आला, हे घरात कायम ऐकलेलं. साफ खोटं. इंग्लंडात मजुरांची उपासमार चालली होती, तेव्हा त्याने हातचं काम हिरावणारं जमीनदाराचं मळणीयंत्र फोडलं. सात वर्षं काळं पाणी — म्हणजे इथे, टास्मानियात. चोर नव्हे! भुकेल्यांसाठी उभा राहिलेला माणूस!

१ एप्रिल, गुरुवार

घरी सांगितलं. बाबा सफरचंदं निवडत होते, हात थांबले. "कुणाकुणाला बोललीस?" एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

डल्सी रडायलाच लागली. ईस्टरनंतर माझ्या या धाकट्या बहिणीचं नेव्हिल फॅरंटशी लग्न. त्याची आई साखरपुड्यात सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आमच्यात कैद्याचं रक्त नाही बरं का. येऊही देणार नाही." हसत म्हणाली होती.

मी म्हटलं, खोट्यावर संसार उभा करणार का?

"तुझं सत्य घेऊन तू जाशील होबार्टला," डल्सी म्हणाली. "मला याच खोऱ्यात राहायचंय, ताई!"

२ एप्रिल, शुक्रवार

चर्चमागे जोबच्या बायकोची कबर आहे. शेजारी नुसतं गवत, एका माणसापुरतं. मर्ल आत्याला विचारलं, जोबचा दगड कुठे गेला? ती आमच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

"हळू बोल गं, मेले!" आणि नजर गेली मागच्या दाराच्या पायरीकडे. लगेच परतही आली.

त्या पायरीखाली विषारी पट्टेरी साप आहे. आम्ही रांगायला लागलो तेव्हापासून बाबा सांगतात, "हात घालायचा नाही. खाली साप आहे." मी पंचवीस वर्षांची झाले — अजून तिथे ओणवी होत नाही.

४ एप्रिल, रविवार

सगळे चर्चला. मी डोकं दुखतंय म्हणून घरी. पहारीने पायरीची कड उचलली, फटीत लाकडाचा ठोकळा सारला. आधी काठी घातली. काहीच हललं नाही. मग हात. ओली माती. गारठा. आणि बोटांखाली खाचा. अक्षरं!

टॉर्च धरून, गाल जमिनीला टेकवून वाचलं :
जोब लेडबेटर. बेड्या घालून आला. स्वतःच्या बागेत मेला.

त्याने हे अभिमानाने कोरायला सांगितलं असणार. आणि त्याच्याच मुलांनी तो दगड उपडा घालून पायरी केली. मी रोज त्याच्यावर चिखलाचे पाय पुसले.

साप नव्हता.

५ एप्रिल

उकरलेली माती बाबांनी पाहिली. टाचेने दाबत राहिले — कितीतरी वेळ.

९ एप्रिल, शुक्रवार

उद्या फॅरंटांकडे चहा. मी सांगणार आहे. सांगायलाच हवं ना? डल्सी जेवली नाही. बाबा दारातच थांबले, आत आले नाहीत. "उद्या तोंड उघडलंस तर लग्न मोडेल. मग या घरात तुझी खोली नाही." बोलताना ओठ थरथरत होते. रागाने नव्हे. बाबांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आता मलाच माझ्या तोंडाची भीती वाटते.

१० एप्रिल, शनिवार

फॅरंटांच्या मागच्या पायरीवर चिखलाचे बूट काढायला बसले. बाकीचे पुढे आत गेलेले. तोल सावरायला दगडाची कड धरली. बोटं खाली गेली. खाचा! एक ओळ. खाली दुसरी.

वर पाहिलं. दारात मिसेस फॅरंट, हातात किटली. चेहरा पांढराफटक.

"हात काढ गं पोरी," त्या अगदी हळू म्हणाल्या. "खाली साप आहे."

"आमच्याकडेही आहे," मी म्हटलं.