यादीतली कोरी ओळ

३ नोव्हेंबर, अहमदपूर

सुटले एकदाची नांदेडहून! अम्मी बसपर्यंत रडत आली, मी मात्र दात काढून राहिले. एस.टी. स्टँडसमोर तय्यबभाईंचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान हाय, तिथं आजपासून मी ऑपरेटर. दोन कम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर, बाहेर गिऱ्हाइकांना बाकडं. खोली मंजुळाबाईंच्या घरात मिळाली. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या, तोंडानं फटकळ. म्हणाल्या, नांदेडची पोर म्हंजी तिखटच असणार. मी म्हटलं, चाखून बघा. आमचं जमणार.

४ नोव्हेंबर

हा महिना हयातीच्या दाखल्यांचा. म्हातारी माणसं अंगठा टेकवून सरकारला सांगतात, आम्ही जिवंत हाव, पेन्शन चालू ठेवा. ज्याला ई-मेल नाही त्याच्या फॉर्मवर दुकानाचाच मेल टाकायचा, ही इथली रीत. मावशींचा फॉर्म मीच भरला, तसाच.

ब्राउझरमध्ये मात्र एक्स्टेन्शनची, म्हंजी वरून जोडलेल्या बारक्या प्रोग्रामांची, जत्रा भरलीय. मराठी टायपिंगचं, फोटो बारीक करायचं, पीडीएफ जोडायचं, मोजून चौदा. तय्यबभाईंनी ताकीद दिली की आधीच्या ऑपरेटरनं बसवलेलं हाय, एकालाही हात लावायचा नाही. बघू म्हटलं मनात.

७ नोव्हेंबर

पेन्शनच्या यादीचं पान नीट दिसेना. सव्वीस नंबरची ओळ कोरी. तिथं परवा दाखला करून गेलेल्या म्हाताऱ्या धोंडप्पांचं नाव पाहिजे. साइटवाल्यांना तासभर शिव्या घातल्या, मग तेच पान मोबाइलवर उघडलं तर नाव ठसठशीत. काखेत कळसा अन् गावाला वळसा! इनकॉग्निटो खिडकीत एक्स्टेन्शन चालत नाहीत, तिथंही नाव दिसलं. मग अर्धी बंद, अर्धी चालू असं करत चोर धरला. नाव नाही, गाव नाही, नुसता करडा चौकोन. बंद केला. हाय काय नि नाय काय!

८ नोव्हेंबर

चौकोन आपोआप पुन्हा चालू. आता तीन ओळी कोऱ्या. तिघांच्याही फॉर्मवर दुकानाचा मेल हाय.

दुपारी धोंडप्पा बाकड्यावर बसलेले. त्यांचा लेक लखन न्यायला आला आणि त्यांच्यासमोर उभा राहून मला विचारलं, आमचे बाबा कुठं गेले? धोंडप्पा त्याचा सदरा ओढून राहिले. त्यानं माशी हाकलावी तसा हात झटकला. मी बोट दाखवलं तर म्हणाला, ताई, म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करू नका. 

१० नोव्हेंबर

लखनला आज वडलांचं विचारलं. कोणते वडील, म्हणाला. बाकड्यावर तिघं बसलेत. तय्यबभाईंना ते रिकामं दिसतं. मला म्हणाले, बेटी, दोन दिवस घरी जा, आराम कर. मी त्यांची नावं मोबाइलवर वाचलेली, म्हणून मला दिसतात का? तिघांना चहा मीच पाजला. भीती वाटून राहिली, लई. पण पळाले तर बापाचं नाव लावणार नाही.

११ नोव्हेंबर

मावशींची ओळ कोरी.

दूधवाला दारातून परत फिरला, घरात कोणी नाही म्हणून. मावशी समोर पातेलं घेऊन उभ्या. त्याला मुडद्या म्हणून ओरडल्या, त्यानं ऐकलं नाही. मग माझा हात धरून विचारलं, पोरी, मी मेले का गं?

तो मेल मी टाकला. मीच. आता मीच निस्तरणार.

१२ नोव्हेंबर, दुपार

कळलं कसं परत येतं ते. दोन्ही मशीनवर दुकानाचं एकच खातं. इथं बंद केलं की तिथनं सिंक होऊन येतं. सिंक तोडलं. दुसऱ्या मशीनची वायरच उपटली. तय्यबभाई ओरडून राहिले. ओरडा!

‘काढून टाका’ दाबलं. गेलं. मग एक पान उघडलं, एक्स्टेन्शन काढल्यावर नेहमी उघडतं तसं — का काढताय? खाली चौकट — तुमचं पूर्ण नाव.

डोकं फिरलं माझं. नाव टाकलं, बापासकट, गावासकट. कारण लिहिलं, माझी मर्जी, काय उपटायचं ते उपट. पाठवलं.

यादी भरली! सगळी नावं! लखन पळत आला, धोंडप्पांच्या गळ्यात पडून रडला.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ

दूधवाल्यानं मावशींना हाक मारली. मावशींनी त्याला दोन शिव्या हासडल्या. खुशीनं मला रडू आलं. मावशींना मिठी मारली — त्या पदर सारखा करून आत गेल्या. थकल्या असतील.

१३ नोव्हेंबर

तय्यबभाई कुणाला तरी सांगून राहिले, ऑपरेटर मिळत नाही, मशीन रिकामं पडलंय — मी त्याच मशीनवर बसलेली —

अम्मीला फोन केला. हॅलो, हॅलो, कोण हाय — ठेवला —

मावशींनी एकच ताट वाढलं.

१४ नोव्हेंबर

दारावर कागद. खोली भाड्यानं देणे. मावशींनीच लावलेला. फाडला. त्यांनी दुसरा लावला, म्हणाल्या वारा लई सुटलाय. तोही फाडला. रोज फाडणार. तुम्ही साऱ्यांना दिसता मावशी, बास, ते मी पुन्हा करीन, दहादा करीन — पण मी बी हाय ना — पातेलं आपटते, ऐका —

नवी पोरगी आली. बॅग घेऊन. मावशी तिला सांगून राहिल्या, ही खाट तुझी, कोणी वापरली नाही —

मी उठणार नाही. माझी खाट हाय. उठणार ना —

ती बसली. माझ्याव