बडनेऱ्याच्या यार्डातला डबा

बाबा,

तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, पण मी तुमच्याशी मनातल्या मनातही फारसं बोललो नाही. आज मात्र दुसरं कोणी सुचत नाही. तुम्ही आणि चाचांनी उभी केलेली भागीदारी मोडली आहे, आणि ती मोडली तेव्हा मी तिथेच उभा होतो.

मोर्शीच्या आपल्या बागवाल्यांनी संत्री एकत्र करायची आणि अमरावतीच्या चाचांनी ती रेल्वेने कलकत्त्याला धाडून विकायची, एवढीच तर गोष्ट होती. तिचा कागद कधी झाला नाही. मला एक दिवस अजून दिसतो. मी शाळेतून आलो आहे, अंगणात छकडा उभा आहे, चाचा करंड्या चढवून घेताहेत आणि तुम्ही एकाएकी काकांची, तुमच्या सख्ख्या भावाची, करंडी खाली उतरवायला सांगता. गवत बाजूला करता, वरची मोठाली फळं काढून ठेवता. खाली सगळी बारकी, डागी. काकांचा चेहरा उतरतो. चाचाच मध्ये पडतात, "जाऊ द्या भाऊ, होते असं." तुम्ही म्हणता, "नाई. तुमाले वरचं दिसते, खालचं आमाले ठाऊक असते. मंग खालचं आमीच दाखवलं पाह्यजे." काका त्या दिवशी जेवायला आले नाहीत. आईने ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी तुम्ही स्वतः जाऊन त्यांना घेऊन आलात, शेजारी बसवलंत आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. त्यानंतर काकांइतकी चोख करंडी कोणी भरत नव्हतं.

यंदा आंबिया बहार असा आला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. पण लढाईमुळे मालगाडीचे डबे मिळेनासे झालेत. कसाबसा एक डबा मिळाल्याचा चाचांचा निरोप आला, आम्ही सगळ्यांनी माल पाठवला, आणि त्यानंतर काहीच नाही. कलकत्त्याहून तार नाही, चाचांकडून माणूस नाही. बाजारात कोणीतरी बोललं की चाचांनी आपल्या डब्यात दुसऱ्याचाच माल भरला. दोन दिवसांत ते घरोघर झालं. काकांनी तर पारावर सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू कावून गप बसून राहिला? तुह्या बापाचा दोस्त हाय म्हून?"

मी कोळशाच्या गॅसवर चालणारी ती रडतराव मोटार पकडून अमरावतीला गेलो. चाचा मालधक्क्यावर होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यांच्यामागे करंड्यांची रास, आणि तिच्यातून रस झिरपून फरशीवर माश्या बसलेल्या. मला वाटलं, हा आपलाच माल. ते म्हणाले, "हा माहा हाय, बेटा. डबा एकच भेटला. त्यात तुमचा चढवला." मग खाली बघत म्हणाले, "तुमचाबी पोचला नाई. बडनेऱ्यालेच डबा गाडीतून काढून ठेवला. लढाईच्या मालाले आधी वाट हाय म्हंतेत. रोज जातो, हात जोडतो. कोन्या तोंडानं निरोप धाडू तुमाले?"

मी परत येऊन सगळं सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही. "त्यानं सांगतलं, अन् तुले पटलं," इतकंच. बाबा, माझी त्या वेळची अवस्था तुम्हाला कशी सांगू? एकीकडे झाडावर उरलेला माल गळत होता, दुसरीकडे माणसं एकेक करून दुसऱ्या दलालाकडे जायची भाषा करत होती. मला एकच मार्ग दिसला. मी काकांना म्हटलं, "चला बडनेऱ्याले. आपल्या डोयानं पाहा." तुमचंच तर ऐकलं होतं ना मी, खालचं दाखवावं म्हणून?

यार्डात डबा दुरूनच ओळखू आला, वास तसा होता. तिथल्या बाबूंनाही तो रिकामा करून हवाच होता. दोघा हमालांनी जोर लावून दार सरकवलं. आतून आंबट, गरम वाफ आली. करंड्या खचून एकमेकींत बसल्या होत्या, आणि दारापाशीच्याच करंडीवर गेरूने काढलेली काकांची खूण होती. काकांनी पुढे होऊन ती खूण बोटाने पुसून पाहिली. मग तिथेच खडीवर बसले आणि डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. "माहाच हाय," ते म्हणाले. "माहाच माल हाय." मला, बाबा, लाज वाटते सांगायला, हायसं वाटलं. फळ गेलं, पण माणसं राहतील असं वाटलं.

आम्ही तसेच चाचांच्या घरी गेलो. काकांनी खाली बसून हात जोडले, "चुकलो भाऊ, मले माफ करा." चाचांनी त्यांना उठवलं, पाणी दिलं, चहा दिला. मी म्हणालो की गावात आता कोणाच्या मनात काही राहणार नाही. तेव्हा चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी डबा पाहाले गेलते?"

मी हो म्हणालो.

"तुहा बाप गेला नसता, बेटा."

मी समजावू लागलो की लोकांसाठी गेलो, त्यांचंच नाव राहावं म्हणून गेलो. ते मान हलवत राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, तेच मला सोसवेना. "यंदा डबा सापडला म्हून मी खरा ठरलो. पुढच्या साली नाई सापडला तं? म्या काय दाखवावं तुमाले? या उमरीत हे होत नाई माह्याच्यानं. तुमी दुसरा मानूस पाहा." काका रडू लागले. चाचांनी आम्हाला दारापर्यंत पोचवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात तुमच्या वेळी होता तसाच होता, म्हणून आणखी अवघड गेलं.

आता गावातले सगळे म्हणतात, तू पुन्हा जा, पाय धर, घेऊन ये त्यांना. काल काकाच येऊन बसले होते. मी उद्या निघणार आहे. काय बोलणार, ठाऊक नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं, हे रात्रंदिवस विचारतो, आणि दर वेळी कळतं की तुमच्यावर ही वेळच आली नसती.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि ते आईलाही वाचून दाखवणार नाही, कारण एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. हमाल दार सरकवत होते तेव्हा आत संत्री आहेत हे वासावरून कळत होतं. कोणाची, ते मलाही बघायचं होतं.