सातवी सुई

ताई,

दारू सोडली असं तुला आजवर चार वेळा कळवलं आणि चारही वेळा तोंडावर आपटलो. म्हणून हे पाचवं पत्र टपालात टाकणार नाही.

या खेपेला सोडून नऊ महिने झाले. आज सकाळी दुकान उघडलं आणि पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला. "ताई, बघ!" असं मोठ्याने ओरडलोसुद्धा. दुकानात मी आणि कोट चढवलेला बिनमुंडक्याचा पुतळा. तो काय डोंबल कौतुक करणार?

माझे हात कापतात हे गिऱ्हाइकांना कळू नये, म्हणून तू रोज सात सुया ओवून टाचण्यांच्या उशीत टोचून ठेवायचीस. "माझ्या तुकड्यांवर जगतेस," असं मी पिऊन चारचौघांत बरळलो आणि दुसऱ्या दिवशी तू घर सोडलंस. मी उठलो तेव्हा तू नव्हतीस. उशीत मात्र सात सुया होत्या, ओवलेल्या.

सहा वापरल्या. सातवीत पांढरा दोरा आहे. पांढऱ्या कापडाचं काम कितीदा आलं, पण ती काढवत नाही. प्यावंसं वाटलं की तिला नुसता हात लावतो.

आज सकाळपासून तीनदा लावला.

तुझा धाकटा